हे किंवा ते : एलियट स्मिथची घडण

इतिहासावरच्या व्याख्यानमालेत एका रॉक गायकाचे काय काम, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आधी देऊन टाकतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले. त्या नात्याने आम्हाला चरित्रलेखनातली एक अडचण नेहमी टोचत आली आहे. ज्याचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे, त्याची सुरुवात कशी सांगायची? शेवट माहीत असला की आपण बालपणात त्याच्या खुणा शोधू लागतो. मुलगा कोपऱ्यात बसला, की "बघा, तेव्हापासूनच". मुलगा हसला, तर ते आपण लिहीतच नाही. ही चूक शिवाजी महाराजांपासून साने गुरुजींपर्यंत सगळ्यांच्या चरित्रांत होते. पण आज आपल्याला उदाहरण घ्यायचे आहे ते अमेरिकेतले आणि अगदी अलीकडचे. नाव एलियट स्मिथ.

तर शेवट आधीच सांगून मोकळे होऊ. २१ ऑक्टोबर २००३ रोजी, लॉस एंजेलिस येथे, वयाच्या ३४व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. तो मृत्यू नेमका कसा झाला याचा निर्णय तिथल्या शवचिकित्सा अधिकाऱ्यांनी दिला नाही, तो प्रश्न त्यांनी उघडाच ठेवला. आपणही तो उघडाच ठेवू. आणि आता हे बाजूला ठेवून १९६९ सालात जाऊ, जिथे यातले काहीच ठरलेले नव्हते.

एक शब्द मात्र आधी समजून घेऊ. "इंडी" म्हणजे काय? इंडिपेंडंट, स्वतंत्र. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेत रेकॉर्ड काढणाऱ्या मोजक्या मोठ्या कंपन्या होत्या. त्यांच्या दारात न जाता, दोन-चार मित्रांनी पैसे जमवून, हजार-दोन हजार प्रती काढून, टपालाने आणि छोट्या दुकानांतून विकायचे, हा झाला इंडीचा मार्ग. आपल्याकडे साठच्या दशकात लघुनियतकालिके निघाली, सायक्लोस्टाइल केलेली, हाताने वाटलेली. त्यांतले कवी प्रस्थापित मासिकांच्या संपादकांची वाट बघत बसले नाहीत. वृत्ती तीच. म्हणजे "इंडी" हा मुळात सुरांचा प्रकार नाही, तो व्यवहाराचा प्रकार आहे. सुरांचा प्रकार तो नंतर झाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

स्टीव्हन पॉल स्मिथचा जन्म ६ ऑगस्ट १९६९चा, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातला. वडील तेव्हा वैद्यकाचे शिक्षण घेत होते, पुढे ते मानसोपचारतज्ज्ञ झाले. आई प्राथमिक शाळेत संगीत शिकवी. मूल तान्हे असतानाच आईवडील वेगळे झाले आणि आई त्याला घेऊन टेक्सासमध्ये गेली. डॅलसजवळचे डंकनव्हिल नावाचे उपनगर आहे, तिथे त्याचे बालपण गेले. आईने दुसरे लग्न केले. सावत्र वडिलांशी त्याचे जमले नाही. त्या घराची सावली त्याच्या पुढच्या कितीतरी गाण्यांवर पडली आहे, हे खरे. मोठेपणी त्याने दंडावर टेक्सासचा नकाशा गोंदवून घेतला होता. आवडते म्हणून नव्हे, विसरू नये म्हणून, असा त्याचा खुलासा असे.

इथपर्यंत सांगितले की बहुतेक चरित्रकार थांबतात आणि म्हणतात, झालं, कारण सापडलं. आम्ही म्हणतो, थांबा. त्याच घरात आणखी काय होते ते बघा. आई संगीताची शिक्षिका. आजोबा डिक्सीलँड जॅझमध्ये ड्रम वाजवीत. आजी गायकवृंदात गाई. यांतला कोणीही पोटासाठी गात-वाजवत नव्हता, पण घरात सूर होता. लहानपणीच बीटल्सचा तो पांढऱ्या वेष्टनाचा अल्बम त्याच्या कानी पडला. नवव्या वर्षी पियानो. दहाव्या वर्षी गिटार, आणि ती लहान गिटार दूर राहणाऱ्या वडिलांनी घेऊन दिलेली. त्याच वयात त्याने पियानोसाठी एक स्वतंत्र रचना केली आणि तिला एका कलामहोत्सवात बक्षीस मिळाले.

आता सांगा, दुःख हे कारण, की नवव्या वर्षापासूनचा पियानो हे कारण? तर्कशास्त्रात आम्ही मुलांना शिकवीत असू की एखादी गोष्ट आधी घडली म्हणून ती नंतरच्याचे कारण ठरत नाही. डंकनव्हिलमध्ये दुःखी मुले पुष्कळ असतील. दहाव्या वर्षी पियानोची रचना करणारी मुले थोडी. दुःख कोणालाही होते. त्याला चाल लावता येण्यासाठी हात तयार लागतो.

चौदाव्या वर्षी तो टेक्सास सोडून ओरेगन राज्यातल्या पोर्टलँडला वडिलांकडे राहायला गेला. तिथल्या लिंकन हायस्कूलमध्ये शिकला. शाळेच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवी. मित्रांबरोबर बँड काढला, आणि टोनी लॅश नावाचा ड्रमवादक तेव्हाच भेटला. हा मित्र पुढे महत्त्वाचा आहे. याच काळात त्याच्या हाती फोर-ट्रॅक यंत्र लागले, तेही उसने आणलेले.

हे यंत्र म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण आजची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. साध्या कॅसेटवर आपण एकदाच आवाज भरतो. फोर-ट्रॅकमध्ये त्याच पट्टीवर चार समांतर वाटा असतात. पहिल्या वाटेवर गिटार भरा. मग ते ऐकत ऐकत दुसऱ्या वाटेवर आवाज भरा. तिसरीवर दुसरा आवाज, चौथीवर आणखी काही. म्हणजे एकटा माणूस, एका खोलीत, चार जणांची मैफल उभी करू शकतो. १९७९ साली टॅस्कॅम कंपनीने कॅसेटवर चालणारे असे यंत्र बाजारात आणले, आणि जी गोष्ट स्टुडिओत तासाला पैसे मोजून करावी लागे ती घरातल्या टेबलावर होऊ लागली. छापखाना घरी आला म्हणा ना. स्मिथ पंधरा-सोळा वर्षांचा असताना हा छापखाना त्याच्या हाती आला. दहा वर्षे आधी जन्मला असता तर आला नसता. इतिहास म्हणतात तो असा असतो, मंडळी. व्यक्तीच्या आतही असतो आणि टेबलावरच्या यंत्रातही असतो.

१९८७ साली शाळा संपली. अभ्यासात मुलगा चांगला हुशार होता, राष्ट्रीय पातळीवरच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी त्याची निवड झाली होती. आणि याच सुमारास त्याने नाव बदलले. "स्टीव्ह" म्हटले की मैदानी खेळातला दांडगट पोरगा वाटतो आणि "स्टीव्हन" म्हटले की पुस्तकी किडा, असे त्याचे म्हणणे. म्हणून "एलियट". गंमत बघा, समोर दोन पर्याय होते आणि त्याने दोन्ही नाकारले. ही सवय त्याची पुढेही दिसते.

मॅसॅच्युसेट्स राज्यात अ‍ॅम्हर्स्ट गावी हॅम्पशर कॉलेज आहे. १९७० साली सुरू झालेले, जरा वेगळ्या वळणाचे. तिथे गुण आणि श्रेणी देत नाहीत. प्राध्यापक लेखी अभिप्राय देतात आणि विद्यार्थी आपला अभ्यासक्रम बऱ्याच अंशी स्वतः आखतो. स्मिथ तिथे का गेला? मैत्रीण जाणार होती म्हणून. आणि कॉलेजचा पहिला दिवस उजाडायच्या आतच ते प्रेमप्रकरण संपले होते! हे त्यानेच नंतर मुलाखतीत सांगितले आहे. कारण नाहीसे झाले, प्रवेश मात्र मिळून बसला होता. कॉलेजला जायची संधी पुन्हा येणार नाही, आणि पुढे कधी हळहळ वाटण्यापेक्षा गेलेले बरे, असा हिशेब करून तो गेला. विषय घेतले तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र. १९९१ साली पदवी घेऊन बाहेर पडला.

तत्त्वज्ञानाचा पदवीधर पुढे काय करतो, हा प्रश्न आम्हाला निवृत्तीपर्यंत पालक विचारीत आले आहेत. स्मिथने पोर्टलँडला परत येऊन बेकरीत नोकरी धरली. हॅम्पशरमध्ये भेटलेला नील गस्ट नावाचा वर्गमित्र त्याच्याबरोबर होता. दोघांनी मिळेल ते काम केले. घरांच्या भिंतींना तक्ते ठोकले, खडी पसरली, बांबूची झाडे एका जागेहून काढून दुसरीकडे लावली, गोदामाच्या छपराला ऊन परतवणारा रंग दिला. काही काळ बेकारभत्त्यावर काढला आणि त्याला ते गमतीने कलावंतांसाठीचे सरकारी अनुदान म्हणत. आम्हाला हा तपशील फार मोलाचा वाटतो. कारण नंतरच्या दंतकथेतला एलियट स्मिथ सतत खिडकीशी बसून उसासे टाकतो. खरा एलियट स्मिथ खडी पसरत होता आणि विनोद करत होता.

गस्ट, शाळेतला मित्र टोनी लॅश आणि ब्रँट पीटरसन यांच्यासह त्याने हीटमायझर हा बँड उभा केला. १९९२ पासून ते पोर्टलँडमध्ये वाजवू लागले. काळ लक्षात घ्या. पोर्टलँडच्या उत्तरेला गाडीने तीनेक तासांवर सिअ‍ॅटल. सप्टेंबर १९९१ मध्ये तिकडच्या निर्वाणा या बँडचा "नेव्हरमाइंड" निघाला आणि त्या सगळ्या प्रदेशावर जगाची नजर वळली. मोठा आवाज, फाटलेली गिटार, ओरडून गाणे, हे चलनी नाणे झाले. हीटमायझरही त्याच बाजारातले दुकान. १९९३ मध्ये "डेड एअर", १९९४ मध्ये "कॉप अँड स्पीडर" असे त्यांचे अल्बम निघाले. स्मिथ त्यांत जोरजोरात गातो. ऐकून बघा, ओळखू येणार नाही.

आणि इथे आजच्या कथेचा सांधा आहे. बँडमध्ये ओरडणारा हा तरुण घरी वेगळेच काहीतरी करत होता. १९९३ च्या उत्तरार्धात, पोर्टलँडमधल्या एका घराच्या तळघरात, त्याने साधी अकूस्टिक गिटार घेऊन फोर-ट्रॅकवर गाणी भरली. जवळजवळ कुजबुजत. माइक इतका जवळ की तारांवरून बोट सरकल्याचा आवाज येतो, श्वास ऐकू येतो. ही गाणी अल्बमसाठी भरलेलीच नव्हती. फार तर एक छोटी रेकॉर्ड निघेल, एवढीच अपेक्षा. पण पोर्टलँडच्या कॅव्हिटी सर्च या लहानशा कंपनीने ती ऐकली आणि आहे तशी सगळी काढू म्हटले. १९९४ च्या जुलैमध्ये "रोमन कँडल" आला.

त्या अल्बमच्या दोन गोष्टी सांगतो. पहिली, त्यातल्या चार गाण्यांना नावच नाही. "बिननावाचे क्रमांक एक, दोन, तीन, चार" एवढेच. दुसरी, मुखपृष्ठावर गायकाचा फोटो नाही. फोटोत त्याचा मित्र नील गस्ट आहे. लाजाळूपणा म्हणा, किंवा या माणसाला अजून आपण "अल्बम काढला" असे वाटत नव्हते म्हणा. पण ज्या काळात सारा प्रदेश ओरडत होता, त्या काळात कुजबुजायला धाडस लागते. लोक आपले मुंडके उडवतील अशीच धास्ती त्याला वाटत होती. उलट झाले. लोक जवळ सरकून ऐकू लागले.

आता त्याच्या गायकीची एक खूण सांगतो. एकच ओळ तो दोनदा गाई आणि दोन्ही आवाज एकमेकांवर ठेवी. बीटल्सही हे करीत. दोनदा गाण्याचा त्यांना कंटाळा येई, म्हणून १९६६ साली अ‍ॅबी रोड स्टुडिओतल्या तंत्रज्ञाने एक युक्ती शोधली आणि दुसरा आवाज यंत्रानेच तयार होऊ लागला. स्मिथ मात्र दोन्ही वेळा स्वतः गाई. त्यामुळे दोन आवाज अगदी जुळतात, पण पूर्ण जुळत नाहीत. केसाएवढी फट राहते. एकच माणूस स्वतःशीच कुजबुजतो आहे असा भास त्या फटीतून होतो. हा परिणाम भावनेने आलेला नाही हं. तो रियाजाने आलेला आहे. तीच ओळ, तोच श्वास, तोच ठहराव पुन्हा आणणे किती अवघड असते, हे इथे गाणारे कोणी असतील त्यांना विचारा.

१९९५ साली त्याचा दुसरा अल्बम निघाला, नुसत्या स्वतःच्या नावाने. काढला किल रॉक स्टार्स या कंपनीने. ही कंपनी शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया गावची, १९९१ साली सुरू झालेली. नावातच घोषणा आहे. तारे-बिरे आम्हाला नकोत! इकडे हीटमायझर मात्र मोठ्या व्हर्जिन कंपनीशी करार करून बसला. म्हणजे एकाच वेळी एकच माणूस दोन जगांत. बँडबरोबर मोठ्या कंपनीत, एकटा असताना छोट्या कंपनीत. हा ताण टिकणारा नव्हता. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा शेवटचा अल्बम "मिक सिटी सन्स" बाहेर आला तेव्हा बँड मोडला होता. आणि करारात एक कलम असे की बँड मोडला तरी सभासद व्यक्तिशः कंपनीला बांधलेला. ती गाठ पुढे ड्रीमवर्क्स कंपनीने पैसे भरून सोडवली, तीही स्वतःशी दुसरी गाठ बांधून. स्वातंत्र्य हा शब्द उच्चारायला सोपा असतो, कलमात लिहायला अवघड. सुरुवातीला म्हणालो ना, इंडी हा व्यवहाराचा प्रकार आहे, तो इथे असा आडवा येतो.

आता आमच्या विषयाशी थेट येऊ. २५ फेब्रुवारी १९९७ रोजी किल रॉक स्टार्सने त्याचा तिसरा अल्बम काढला. नाव "आयदर/ऑर". हे नाव डॅनिश तत्त्वज्ञ सरेन कीर्केगॉर याच्या ग्रंथाचे. तो ग्रंथ १८४३ च्या फेब्रुवारीत कोपनहेगनला दोन खंडांत प्रसिद्ध झाला. मराठीत म्हणायचे तर "हे किंवा ते".

ग्रंथाची रचना मोठी चतुर आहे. कीर्केगॉरने त्यावर स्वतःचे नाव घातले नाही. व्हिक्टर एरेमिता नावाच्या कल्पित संपादकाला एका जुन्या मेजाच्या कप्प्यात कागदपत्रे सापडली, असा बहाणा केला. पहिल्या खंडात "अ" नावाचा तरुण बोलतो. त्याला सौंदर्य हवे, क्षण हवा, बांधिलकी नको. तो कवींवर लिहितो, मोत्सार्टच्या डॉन जोव्हानीवर रसाळ प्रबंध लिहितो, आणि आतून कंटाळलेला असतो. दुसऱ्या खंडात एक विवाहित न्यायाधीश त्याला लांबलचक पत्रे लिहितो. बाबा रे, निवड कर. एकदा निवडलेले निभाव. माणूस निवडीतूनच घडतो. आणि ग्रंथकार? तो कोणाच्या बाजूने आहे हे सांगतच नाही. वाचकाला मध्ये उभा करतो आणि निघून जातो.

पहिल्या खंडाच्या प्रारंभीच एक टिपण आहे, ते आम्हाला इथे आठवते. कवी यातनेने कळवळतो, पण त्याच्या ओठांची ठेवण अशी की ऐकणाऱ्याला ते संगीत वाटते. मग लोक त्याच्याभोवती जमतात आणि आणखी गा म्हणतात. म्हणजे पर्यायाने आणखी सोस म्हणतात. मंडळी, हे तत्त्वज्ञान शिकलेल्या तरुणाने त्याच ग्रंथाचे नाव आपल्या अल्बमला दिले आहे. श्रोते आपल्याकडून काय मागतील याची जाणीव त्याला नव्हती असे कोण म्हणेल?

पण इथेही जपून. शीर्षक म्हणजे कबुलीजबाब नव्हे. कीर्केगॉरने "अ" आणि न्यायाधीश हे दोन्ही आवाज स्वतःच निर्माण केले, म्हणून तो त्यांपैकी कोणी ठरत नाही. स्मिथच्या गाण्यांत "मी" येतो, व्यसनी येतो, रागावलेला येतो. ही सगळी डायरीची पाने म्हणून वाचली जाणे त्याला आवडत नसे, असे तो पुन्हा पुन्हा सांगे. तुकोबांच्या अभंगातला "मी" आणि लावणीतली "मी" यांत फरक करायला आपण शिकलो आहोत. लावणीतली नायिका म्हणजे शाहीर नव्हे, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. मग गिटार घेऊन गाणाऱ्याला ती सवलत का नाही?

आता शेवटचा टप्पा. पोर्टलँडलाच राहणारा चित्रपट-दिग्दर्शक गस व्हॅन सँट याला स्मिथची गाणी आवडत. मॅट डेमन आणि बेन अ‍ॅफ्लेक या दोन तरुणांनी लिहिलेल्या "गुड विल हंटिंग" या चित्रपटात त्याने ती वापरली. शिवाय "मिस मिझरी" हे नवे गाणे घेतले. चित्रपट १९९७ च्या डिसेंबरमध्ये आला आणि खूप चालला. ते गाणे ऑस्करच्या अंतिम यादीत गेले. सुमारे साडेचार वर्षांपूर्वी तळघरात कुजबुजणारा माणूस २३ मार्च १९९८ रोजी लॉस एंजेलिसच्या श्राइन ऑडिटोरियममध्ये, पांढरा सूट घालून, गिटार घेऊन उभा राहिला. मागे मोठा वाद्यवृंद, गाणे वेळेसाठी कापून छोटे केलेले.

त्याला जायचे नव्हते. पण तू गायला नाहीस तर दुसऱ्या कोणाकडून गाऊन घेऊ, असे त्याला सांगण्यात आले. हे किंवा ते! आणि यावेळी तिसरा पर्याय नव्हता. त्याने स्वतः गायचे ठरवले. पुरस्कार मिळाला नाही. तो "टायटॅनिक"च्या गाण्याला मिळाला, जे सेलीन डिऑनने गायले होते. त्या चित्रपटाने त्या रात्री ११ ऑस्कर नेले.

वृत्तपत्रांना यात आयते नाट्य मिळाले. एकीकडे दिमाखदार तारका, दुसरीकडे भेदरलेला कुजबुज्या. खरा विरुद्ध खोटा, छोटा विरुद्ध मोठा. स्मिथचे चाहते तर सेलीनची टिंगल करायला तयारच बसले होते. आणि स्मिथने काय केले? ती आपल्याशी फार आपुलकीने वागली, आपण घाबरलो आहोत का याची तिने विचारपूस केली, हे त्याने मुलाखतींत आवर्जून सांगितले. तिच्यावर कोणी तोंडसुख घेऊ लागले की त्याला ते रुचत नसे. तिचे गाणे आवडले असे तो म्हणाला नाही. माणूस चांगला वाटला, एवढेच म्हणाला. आम्हाला विचाराल तर त्याच्या सुरुवातीच्या कारकिर्दीतला हा सर्वांत तत्त्वज्ञ क्षण. जगाने त्याच्यापुढे दोन तट उभे केले होते, एक तट निवड म्हणत होते. त्याने तटच मान्य केले नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ड्रीमवर्क्सतर्फे "एक्सओ" हा अल्बम आला आणि त्याचे दुसरे पर्व सुरू झाले. आपण इथेच थांबणार आहोत.

का थांबायचे? कारण पुढचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे आणि तो मागे वळून सगळे झाकोळून टाकतो. पुढच्या वर्षांत नैराश्य आणि व्यसन यांनी त्याला ग्रासले, हे नाकारायचे कारण नाही. ती छाया आधीही होती. पण १९९८ च्या मार्चमध्ये २८ वर्षांचा हा माणूस मंचावर उभा होता तेव्हा २००३ घडून गेलेले नव्हते. पुढे दहा वाटा होत्या. इतिहासकाराचे एक कर्तव्य असे आहे की मेलेल्या माणसाला त्याच्या वाटा परत द्याव्यात.

आणि हे केवळ इतिहासकारांपुरते नाही. हे व्याख्यान ऐकणाऱ्यांत तरुण मुले-मुली बरीच आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. तुमच्यातले काही लिहितात, काही गातात. दुःखाशिवाय कला होत नाही, हा समज तुमच्या पिढीत आहे, आमच्याही पिढीत होता. केशवसुत, बालकवी, साने गुरुजी यांची नावे घेऊन आम्हालाही तो पढवला गेला. त्यातून एक भयंकर निष्कर्ष निघतो. बरे झालो तर आतले गाणे जाईल, म्हणून बरे व्हायचेच नाही. एलियट स्मिथचे नाव या समजासाठी जगभर वापरले जाते. म्हणून आम्ही आज त्याची सुरुवात तपासली. त्यात काय सापडले? संगीत शिकवणारी आई. नवव्या वर्षापासूनचा पियानो. वडिलांनी दिलेली गिटार. उसने आणलेले यंत्र. शाळेपासूनचा ड्रमवादक मित्र आणि कॉलेजमधला गिटारवादक मित्र. अनुदान म्हणून हसण्यावारी नेलेला बेकारभत्ता. आहे तसा अल्बम काढणारी गावातली छोटी कंपनी. एकेक ओळ दोन-दोनदा गाण्याची चिकाटी. दुःखही सापडले, नाही असे नाही. पण बाकी सगळे काढून नुसते दुःख ठेवले तर "रोमन कँडल" उभा राहत नाही. उलट दुःख कमी असते तर अल्बम अधिक निघाले असते, असे मानायला मात्र जागा आहे.

तेव्हा मन खचलेले असेल तर डॉक्टरांकडे जा, घरच्यांशी बोला, मित्राला फोन करा. त्याने तुमचे गाणे जाणार नाही. ते तुमच्या बोटांत आहे, कानांत आहे, रोजच्या बैठकीत आहे.

पुढच्या वेळी आपण आत्मचरित्रातला "मी" या विषयाकडे वळू. तोवर जमले तर त्याचे १९९४ चे आणि १९९७ चे अल्बम ओळीने ऐका, आणि ऐकताना एकच पथ्य पाळा. गाणाऱ्याला पुढचे काही माहीत नाही, हे विसरू नका.